वाट कोणाची? : सेंट अँड्रूज आणि ऑगस्टा

गोल्फच्या मैदानांवर समीक्षा लिहिली जाते, आणि तीही पुष्कळ गांभीर्याने, हे साहित्याच्या अभ्यासकांस काहीसे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे हा खेळ छावण्यांचा आणि क्लबांच्या कुंपणाआतला. त्याच्या मैदानाला रचना असते आणि त्या रचनेवर मतभेद होऊ शकतात, याची वार्ता आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचते. परंतु इंग्रजीत या विषयाची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. ॲलिस्टर मॅकेन्झी या डॉक्टरने १९२० साली 'गोल्फ आर्किटेक्चर' हे छोटेखानी पुस्तक लिहिले आणि त्यात उत्तम मैदानाची तेरा लक्षणे सांगितली. काव्यलक्षणे सांगणाऱ्या आपल्या मम्मटादी आचार्यांचे स्मरण व्हावे असाच हा खटाटोप आहे. त्या तेरांपैकी एक लक्षण आमच्या आजच्या विवेचनाच्या मुळाशी आहे. एका होलच्या शेवटापासून पुढच्या होलच्या आरंभापर्यंत खेळाडूला फारसे चालावे लागू नये, आणि जे थोडे चालावे लागेल ते पुढच्या दिशेने असावे, असे मॅकेन्झी म्हणतात.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी चार शब्दांची ओळख करून देणे आवश्यक आहे. जिथून होलचा पहिला फटका मारायचा ती जागा म्हणजे टी. अगदी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, ज्यात चेंडूचा खळगा आणि निशाण असते, तो ग्रीन. या दोहोंमधला हिरवा पट्टा म्हणजे फेअरवे, आणि वाटेत मुद्दाम राखलेला वाळूचा खड्डा म्हणजे बंकर. अशा अठरा होलांची मालिका म्हणजे एक मैदान. पायी खेळणारा माणूस एका डावात सहज सहा-सात किलोमीटर चालतो. फटका मारण्यासाठी चालणे हा खेळाचाच भाग होय. पण एक होल संपवून दुसऱ्या होलच्या टीकडे जाणे म्हणजे नुसते चालणे. छंदोबद्ध कवितेतील पादपूरणार्थक शब्दांसारखे ते असते : थोडे असल्यास खपते, फार झाल्यास रचना सैल पडते. मैदान पायी चालण्याजोगे आहे की नाही, हा प्रश्न समीक्षक सामान्यतः याच मापाने सोडवतात. ग्रीन ते टी अंतर किती, चढउतार किती, वाट कितीदा उलटी फिरते, एवढे पाहिले की निकाल लागतो.

हे माप चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते दाखवण्यासाठी आम्ही दोन मैदाने निवडली आहेत : स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथील ओल्ड कोर्स आणि अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल. ही निवड यादृच्छिक नाही. ऑगस्टाचे रचनाकार दोन, मॅकेन्झी आणि विख्यात खेळाडू बॉबी जोन्स. आणि दोघेही ओल्ड कोर्सचे निस्सीम चाहते. मॅकेन्झी यांनी त्या मैदानाची तपशीलवार मोजणी करून तयार केलेला नकाशा १९२४ साली प्रसिद्ध झाला. जोन्स १९२१ साली तिथे ओपन स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत वैतागून खेळ अर्धवट टाकून निघाले होते. पुढे १९२७ साली त्यांनी त्याच मैदानावर ओपन जिंकली आणि १९३० साली हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धाही. तेव्हा ऑगस्टा हे एका अर्थाने सेंट अँड्रूजचे भाष्य आहे. मूळ आणि भाष्य शेजारी ठेवून वाचण्याचा अधिकार साहित्याच्या विद्यार्थ्याला नाही तर कोणाला?

प्रथम मूळ संहिता. ओल्ड कोर्सला कोणी एक रचनाकार नाही. ज्या वालुकामय, समुद्रकाठच्या पडीक भूमीला तिथे 'लिंक्स' म्हणतात, तिच्यावर पंधराव्या शतकापासून लोक खेळत आले. मेंढ्यांनी वाऱ्याच्या आडोशाला बसून जमीन झिजवली आणि त्यातून कित्येक बंकर झाले, असे परंपरा सांगते. मागाहून ॲलन रॉबर्टसन आणि ओल्ड टॉम मॉरिस यांच्यासारख्या जाणकारांचे हात त्यावरून फिरले, पण त्यांचे काम संपादकाचे, कर्तृत्व समूहाचेच. जात्यावरची ओवी जशी कोणा एकीची नसते, तसे हे मैदान आहे. पूर्वी तिथे एका डावात बावीस होल खेळले जात. १७६४ साली आरंभीचे चार होल एकत्र करून दोन केले गेले, आणि जाता-येता तेच होल खेळावयाचे असल्याने एकूण संख्या अठरा झाली. जगभर रूढ झालेला अठराचा आकडा असा एका गावच्या सोयीतून आला.

जाताना आणि येताना एकाच जमिनीवरून खेळण्याच्या या चालीचा ठसा आजही स्पष्ट दिसतो. ओल्ड कोर्सवर सात जोडग्रीन आहेत. दुसऱ्या आणि सोळाव्या होलचे ग्रीन एक, तिसऱ्या आणि पंधराव्याचे एक, याप्रमाणे. भागीदार होलांच्या क्रमांकांची बेरीज सर्वत्र अठरा येते. जाणारा आणि परतणारा एकाच हिरवळीवर भेटतात. पहिला आणि अठरावा होल एका प्रशस्त फेअरवेचे दोन काठ आहेत. टी बहुधा आधीच्या ग्रीनला लागूनच असते. मैदानात ११२ बंकर आहेत आणि त्यांतले काही टीवरून दिसतही नाहीत, कारण एके काळी मैदान उलट दिशेने खेळले जाई. त्या दिशेने पाहिल्यास बंकरांचा अन्वय लागतो. एकाच संहितेत दोन पाठ एकावर एक लिहिलेले असावेत, तसा हा प्रकार आहे. बंकरांची नावेही लोकांच्या तोंडची : एक 'नरक', दुसरे 'शवपेट्या', तिसरे 'प्राचार्यांचे नाक'.

ऑगस्टाची गोष्ट वेगळी. तिथे पूर्वी फ्रूटलँड नावाची रोपवाटिका होती. होलांना झाडाफुलांची नावे आहेत ती त्या स्मृतीमुळे. पाचवा मॅग्नोलिया, दहावा कॅमेलिया, तेरावा अझेलिया. जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी ती जागा क्लबसाठी मिळवली आणि १९३३ च्या जानेवारीत मैदानाचे औपचारिक उद्घाटन झाले. मॅकेन्झी १९३४ च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथे भरलेली पहिली स्पर्धा, जिला आज आपण मास्टर्स म्हणून ओळखतो, त्यांना पाहता आली नाही. पण त्यांची कल्पना स्पष्ट होती. ऐसपैस फेअरवे, उंच गवताच्या शिक्षेचा अभाव, मोजके बंकर (आरंभी ते सारे मिळून बावीसच होते), आणि लाटांसारखे उंचसखल ग्रीन. सामान्य खेळाडूला वाव मिळावा आणि कसलेल्या खेळाडूला विचार करावा लागावा, हे सेंट अँड्रूजचे तत्त्व त्यांनी लाल मातीच्या टेकडीवर रुजवले. टेकडी म्हणण्याचे कारण असे की, दूरचित्रवाणीवर सपाट भासणाऱ्या या मैदानाच्या सर्वोच्च आणि सर्वांत खालच्या ठिकाणांत सुमारे पन्नास मीटरांचे अंतर आहे. दहाव्या होलवर टीपासून ग्रीनपर्यंत खेळाडू तीसएक मीटर खाली उतरतो आणि पुढे कधीतरी तितकेच चढून परततो. पायांना ऑगस्टा सेंट अँड्रूजपेक्षा जड जाते, हे उघड आहे. परंतु तो भूमीचा दोष, रचनेचा नव्हे. टेकडीवरही वाट सलग ठेवण्याचा मूळ आराखड्याचा प्रयत्न स्पष्ट दिसतो.

रूढ मापाने पाहिल्यास निर्णय इथेच होतो : ओल्ड कोर्स सपाट आणि सुटसुटीत, ऑगस्टा चढणीचे तरी सुसंगत. काळाने दोन्ही मैदानांवर केलेला अन्यायही सारखाच. चेंडू आणि दांडे सुधारले, फटके लांबले, म्हणून टी मागे सरकल्या. आरंभी साधारण ६,७०० यार्डांचे ऑगस्टा २०२४ च्या स्पर्धेत ७,५५५ यार्डांवर पोहोचले. ओल्ड कोर्सही २०२२ च्या ओपन स्पर्धेसाठी ७,३१३ यार्डांपर्यंत ताणले गेले, आणि त्यासाठी काही टी शेजारच्या मैदानांच्या हद्दीत मांडाव्या लागल्या. पुढे चालत जावे अशी मॅकेन्झी यांची अपेक्षा; आता स्पर्धेचा खेळाडू ग्रीन सोडून आधी मागे जातो आणि मग पुढे येतो. विशेष म्हणजे, पुढे थोडी वाट ठेवल्यास भविष्यात होल लांबवता येईल, हे मॅकेन्झी यांनी त्याच लक्षणात सुचवून ठेवले होते. त्यांनी ठेवलेली ती फट त्यांच्या वारसांनी पुरेपूर वापरली, एवढेच.

पण हे सारे खेळणाऱ्याच्या पायांचे झाले. न खेळणाऱ्याच्या पायांचे काय? आमचा मुद्दा येथून सुरू होतो.

ओल्ड कोर्सच्या पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला आडवा छेदून एक रस्ता जातो. त्याचे नाव ग्रॅनी क्लार्क्स वाइंड. तो सार्वजनिक रस्ता आहे. गावातून समुद्राकडे जाणारी माणसे त्यावरून जातात, खेळाडू थांबतात, माणसे गेली की फटका मारतात. सतराव्या होलच्या ग्रीनलगत दुसरा रस्ता आहे आणि त्यावर चेंडू पडला तर तो तिथूनच मारावा लागतो. त्या होलला रोड होल म्हणतात. रविवारी, मोठ्या स्पर्धांचे मोजके अपवाद सोडता, मैदान खेळासाठी बंद असते आणि गावकरी मुलाबाळांसह, कुत्र्यांसह त्यावर फिरतात. जगातील सर्वाधिक ख्यातनाम गोल्फ मैदान आठवड्यातून एक दिवस फिरण्याची जागा होते, आणि ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेने या भूमीवर ससे पाळण्याची परवानगी मिळवली, पण त्याच दस्तात लोकांचा गोल्फ खेळण्याचा, चेंडू खेळण्याचा, गुरे चारण्याचा हक्क मान्य केला गेला. १७९७ साली कर्जबाजारी झालेल्या नगराने ही जमीन विकली. ती ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली आणि मैदान पोखरले जाऊ लागले. गावकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा झगडा न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. १८२१ साली जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने ती विकत घेतली म्हणून खेळ टिकला. अखेर १८९४ च्या संसदीय कायद्याने लिंक्स नगराकडे परत आली, आणि १९७४ च्या कायद्याने तिचा कारभार लिंक्स ट्रस्टकडे सोपवला गेला. या साऱ्या इतिहासाला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : गायरान. सेंट अँड्रूजचे मैदान हे मुळात गायरान आहे, आणि गायरानावर गावाचा पाय असतो.

आता ऑगस्टाकडे वळू. तिथला पाचवा होल मॅकेन्झी यांनी सेंट अँड्रूजच्या रोड होलला डोळ्यांपुढे ठेवून योजला होता. अर्थात रस्त्याविना, घेतली ती फटक्याची कल्पना, ग्रीनचा उंचवटा, कोपरा कापण्याचा मोह. या होलमागे, क्लबच्या हद्दीबाहेर, बर्कमन्स रोड नावाचा सार्वजनिक रस्ता होता. मागच्या दशकात त्या रस्त्याचा मार्ग बदलण्यात आला, तो क्लबपासून दूर वळवला गेला, आणि २०१९ साली पाचव्या होलची टी जुन्या रस्त्याच्या पलीकडे बांधून तो होल चाळीस यार्डांनी लांबवण्यात आला. अशा रीतीने, रोड होलवरून सुचलेला होल लांबवण्यासाठी रस्ताच हलवला गेला. व्यंग्यार्थ शोधण्याचे श्रमही समीक्षकाला उरलेले नाहीत. सेंट अँड्रूजमध्ये रस्ता आहे म्हणून खेळ थांबतो. ऑगस्टात खेळ आहे म्हणून रस्ता सरकतो.

भाष्यकाराने मुळातला आकार घेतला, आशय घेतला नाही, असे म्हणावे काय? आम्हांस ते घाईचे वाटते. मॅकेन्झी आणि जोन्स यांनी घेतलेला आशय खरा आहे : सामान्य खेळाडूवर विश्वास, शिक्षेऐवजी पर्याय, जमिनीच्या वळणांचा आदर. मात्र मूळ संहिता ज्या लोकव्यवहारात रुजलेली होती, तो व्यवहार भाषांतरित झाला नाही. खाजगी क्लबात तो होऊही शकत नव्हता. ऑगस्टात कोण चालत होते, याची नोंद या ठिकाणी करणे भाग आहे. १९८२ पर्यंत मास्टर्स स्पर्धेत खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत, आणि ते सारे कृष्णवर्णीय होते. खांद्यावर पिशवी घेऊन या मैदानाचा इंच न् इंच ते चालले. ग्रीनची प्रत्येक उतरण त्यांच्या तळव्यांना ठाऊक होती. परंतु त्या स्पर्धेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, खेळला तो १९७५ साली. क्लबला पहिला कृष्णवर्णीय सदस्य मिळाला तो १९९० साली. आणि पहिल्या दोन स्त्रिया सदस्य झाल्या त्या २०१२ साली. जे मैदान सर्वाधिक चालले, त्यांना ते चालण्याचा हक्क नव्हता. होते ते फक्त काम. ग्रीन ते टी हे अंतर मोजणाऱ्या मापपट्टीवर हे अंतर दिसत नाही.

यावर आक्षेप येतील, आणि ते येणे योग्यच आहे. पहिला आक्षेप असा की आम्ही सेंट अँड्रूजचे उदात्तीकरण करीत आहोत. ते तसे नसावे म्हणून काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ओल्ड कोर्सच्या पहिल्या टीमागे ज्याची इमारत उभी आहे त्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा ठराव केला तो २०१४ साली, म्हणजे ऑगस्टाच्याही दोन वर्षे मागाहून. बाहेरून येणाऱ्याला तिथे एका डावासाठी तीनशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात आणि बहुधा सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावी लागते. तेव्हा तिथला क्लब पुण्यवान आणि इथला पापी, असे आम्ही म्हणत नाही. फरक आहे तो एवढाच की सेंट अँड्रूजमध्ये क्लब मैदानाचा मालक नाही. क्लबचा दरवाजा बंद असतानाही मैदानावरची वाट उघडी होती. कोणाच्या सद्गुणांवर अवलंबून नसलेली मोकळीक, ती खरी मोकळीक.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. चालण्याचे एवढे माहात्म्य गाताना, ज्यांना चालता येत नाही त्यांचे काय? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. केसी मार्टिन या खेळाडूच्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात विकार होता आणि त्याने व्यावसायिक स्पर्धांत छोटी गाडी वापरण्याची परवानगी मागितली. चालणे हा खेळाच्या कसोटीचा अविभाज्य भाग आहे, असा आयोजकांचा दावा. २००१ साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला : चालणे हे या खेळाचे सारतत्त्व नव्हे. चालण्याच्या पुरस्कर्त्यांना हा निकाल त्या वेळी रुचला नाही. आमच्या मते तो आमच्या म्हणण्याला पूरकच आहे. मैदान चालण्याजोगे असणे म्हणजे प्रत्येकाने पायांनीच चालले पाहिजे असे नव्हे. त्या जमिनीवर जाण्या-येण्याचा ज्याचा त्याचा अधिकार मान्य असणे, हा त्याचा गाभा.

आणि याचा सर्वांत बोलका दाखला खुद्द जोन्स यांच्याच चरित्रात आहे. १९५८ साली सेंट अँड्रूज नगराने त्यांना आपले मानद नागरिकत्व दिले. त्यांच्याआधी हा मान मिळालेले अमेरिकन एकच, बेंजामिन फ्रँकलिन, आणि तेही १७५९ साली. मज्जारज्जूच्या आजाराने जोन्स यांचे पाय तोवर निकामी होत आले होते. समारंभाच्या सभागृहातून ते बाहेर पडले ते आपल्या विजेवरच्या गाडीतून. या मानाबरोबर मिळणारे जुने हक्क त्या प्रसंगी सांगितले गेले : लिंक्सवर ससे धरण्याचा, तिथली हिरवळ खणून नेण्याचा, पहिल्या आणि शेवटच्या फेअरवेवर धुणे वाळत घालण्याचा. विनोदाचा भाग सोडला तरी या यादीत गोल्फचे नावही नाही, हे लक्षात घ्यावे. नगराने त्यांना खेळाडू म्हणून पदक दिले नाही, तर गायरानाचा हिस्सेदार म्हणून दाखल करून घेतले. ज्याला चालता येत नव्हते, त्याला त्या दिवशी वाटेचा हक्क मिळाला. ज्याने स्वतः एक अत्यंत सुंदर मैदान निर्मिले, त्याला हे आपल्या मैदानावर कोणालाही देता आले नसते.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हे सारे मांडण्याचे कारण आता स्पष्ट व्हावे. रचनेचे परीक्षण करताना आपण फटक्यांचे कोन, ग्रीनचे उतार, होलांचा अनुक्रम पाहतो, जसे कवितेत छंद, प्रतिमा आणि घाट पाहतो. ते पाहिलेच पाहिजे. त्याविना समीक्षा म्हणजे नुसती टीकाटिप्पणी. ऑगस्टाच्या सौंदर्याविषयी आमच्या मनात किंतु नाही, आणि निव्वळ रचना म्हणून काही होलांत भाष्याने मुळावर मात केली आहे, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. परंतु त्यानंतर एक प्रश्न उरतोच : या संहितेतून कोणाला जाता येते, आणि जाणाऱ्यासाठी संहिता थांबते की संहितेसाठी जाणाऱ्याला वळसा घालावा लागतो? आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी, संशोधित आवृत्त्यांनी, आणि आमच्यासारख्या लेख लिहिणाऱ्यांनीही हा प्रश्न स्वतःस विचारावा. ज्या ग्रंथावर पूर्वी गावाचा पाय होता, त्याच्यावर पाठभेदांची आणि परिभाषेची कुंपणे घालून आपण त्याला अधिक देखणा करीत असू, आणि वाट मात्र हलवीत असू, तर आपण ऑगस्टा बांधीत आहोत. ऑगस्टा बांधणे हा गुन्हा नव्हे. फक्त त्याला सेंट अँड्रूज म्हणू नये.